कैफ आणि आनंद

गेल्या आषाढीच्या वाटेवर तरडगावच्या मुक्कामी, रात्रीचे कीर्तन आटोपल्यावर, आमच्या राहुटीत एक तरुण येऊन बसला. आमच्याच दिंडीतील एका जुन्या टाळकऱ्याचा हा नातू. पुण्यास शिकावयास असतो. वडील माणसांपुढे कसे बसावे याचे वळण त्याला होते. पण विचारावयाचे ते त्याने आडपडदा न ठेवता विचारले. म्हणाला, "बुवा, राग मानू नका. आज वाटेने भजनात तुम्ही सगळे डोलत होता. डोळे मिटलेले, अंगावर पाऊस, पायात काय रुतते याची शुद्ध नाही. ते पाहून मला आमच्या खोलीवरची मुले आठवली. चिलीम ओढली की तीही अशीच डोलतात, त्यांनाही जगाची काळजी उरत नाही. तुमचे भान हरपले तर ती भक्ती आणि त्यांचे हरपले तर ते व्यसन, हे कसे काय?"

शेजारी बसलेले एक टाळकरी उसळून म्हणाले, "अरे, कोठे गंगा आणि कोठे गटार!" पोरगा गप्प बसला. पण वाचकहो, गप्प बसणे म्हणजे समाधान होणे नव्हे. आणि खरे सांगावयाचे तर त्या घटकेला आमचा डावा तळहात पुढे होता व उजवा अंगठा त्यावर तंबाखू-चुना मळीत होता. ते त्याने पाहिले. त्याने पाहिले हे आम्हीही पाहिले. चिमूट तोंडात टाकावी की फेकून द्यावी हे कळेना; शेवटी टाकलीच.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मागे लागला. वारीहून परतल्यावर तालुक्याच्या गावी एक ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चार-पाच वेळा बसलो, त्यांच्याकडून समजावून घेतले, काही वाचून घेतले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. वस्तू न ओळखता तिची निंदा केली तर ती ऐकणाऱ्याला पटत नाही, आणि तरुणांना तर मुळीच पटत नाही.

भांग, गांजा व चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्याच्या चिकाचा चरस. या झाडात कैफ आणणारे द्रव्य नेमके कोणते, हे १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी या दोन शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. थोडक्यात टीएचसी म्हणतात. मग शास्त्रज्ञांपुढे कोडे पडले. रानातल्या एका झाडाचे द्रव्य माणसाच्या मेंदूवर असा अंमल कसे चालवते? १९८८ साली उलगडा झाला की मेंदूतील पेशींवर या द्रव्याची किल्ली चालेल अशी कुलुपेच आहेत. पण झाडाच्या किल्लीसाठी देहात कुलूप कोण कशाला बसवील? तेव्हा देहाची स्वतःची किल्ली असलीच पाहिजे, म्हणून शोध चालू राहिला, आणि १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत ती सापडली. मेंदू स्वतःच असे एक द्रव्य तयार करतो. त्या द्रव्याला नाव द्यावयाची वेळ आली तेव्हा त्या परदेशी संशोधकांनी आपला संस्कृत शब्द उचलला. त्या द्रव्याचे नाव आहे 'आनंदामाइड'.

वाचकहो, हे ऐकले तेव्हा आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. म्हणजे झाडाने माणसाला आनंद दिला ही समजूतच मुळात चुकीची. घर आपले, कुलूप आपले, किल्लीही आपल्याच घरात. गांजा म्हणजे बाहेरून आणलेली चोरकिल्ली.

चोरकिल्ली काय करते? देहाचे आनंदामाइड लागेल त्या जागी, लागेल तेव्हा, अगदी कणभर तयार होते, आणि काम झाले की मेंदू ते लगेच मोडून टाकतो. टीएचसीला असा विवेक नाही. ते रक्तातून जाते आणि जेथे जेथे कुलूप आहे तेथे तेथे एकदम शिरते. स्मरणाच्या जागी शिरते, म्हणून गांजेकसाचे वाक्य अर्ध्यावर राहते. आपण काय सांगत होतो हेच त्याला आठवत नाही. तोल सांभाळणाऱ्या जागी शिरते, म्हणून त्याने गाडी हाकणे हे स्वतःच्या व दुसऱ्याच्याही जिवाशी खेळणे होय. काळाचे भान बिघडते, घटका प्रहरासारखी वाटते. छाती धडधडते, काहींना सुख न होता नुसती भीती दाटते, कोणी मागे लागले आहे असे वाटते. धूर ओढला तर अंमल काही मिनिटांत चढतो व दोन-चार तासांत ओसरतो. भांग पोटातून जाते, म्हणून अर्धा ते दोन तास काहीच कळत नाही. शिवरात्रीला वा धुळवडीला "अजून काही चढलीच नाही" म्हणून दुसरा पेला घेणारे याच कारणाने गाफील सापडतात. मग दोन्ही पेले एकदम चढतात आणि अर्धा दिवस उतरत नाहीत. शिवाय हे द्रव्य चरबीत मुरते, म्हणून रोज घेणाऱ्याच्या अंगात ते आठवडे-आठवडे राहते.

सर्वांत मोठे भय कोवळ्या वयाचे. माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. त्या वयात नियमाने गांजा ओढणाऱ्यांत पुढे वेड लागण्याचा, भास होण्याचा धोका वाढतो. ज्यांच्या कुळात असा आजार आहे त्यांना विशेषच. सगळ्यांनाच हे होते असे नाही, आणि तसे सांगून पोरांना भेडसावू नये. ती आपल्या शेजारचा धडधाकट गांजेकस दाखवतात आणि आपले सगळेच बोलणे खोटे ठरवतात.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. १८९३ साली इंग्रज सरकारने या झाडाविषयी सात जणांचे एक मंडळ नेमले. देशभर हिंडून त्यांनी ११०० हून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सांगितले की माफक सेवनाने फारसे नुकसान दिसत नाही, अतिसेवनाने मात्र होते. गांजाची वकिली करणारे हा अहवाल पुढे करतात. तो खरा आहे. लपवण्याचे कारण नाही. पण त्या मंडळाला टीएचसी ठाऊक नव्हते, मेंदूतली कुलुपे ठाऊक नव्हती, आणि आजचा गांजा पूर्वीपेक्षा पुष्कळ तेज निपजवला जातो. शिवाय "माफक" म्हणजे किती, हे ओढणाराच ठरवणार असेल तर न्यायाधीश आणि आरोपी एकच झाला! गांजा वापरून पाहणाऱ्या साधारण दहांपैकी एक जण त्याच्या पुरता आहारी जातो असा अंदाज आहे. दहांतला तो एक आपण नव्हे, हे प्रत्येकाला वाटते. त्या एकालाही तसेच वाटले होते.

"गांजा महादेवाला प्रिय आहे" असे म्हणणारेही भेटतात. महादेवाने हलाहलही प्याले. तो प्रसाद घ्यावयास कोणी पुढे येत नाही.

गांजाचे जे झाले तेच इतर अमली पदार्थांचे. प्रत्येकाने देहातले एकेक कुलूप हेरले आहे. अफूतून मॉर्फिन हे द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील सर्ट्युर्नर याने वेगळे काढले. आणि १९७५ साली स्कॉटलंडमध्ये ह्यूज व कोस्टरलिट्झ यांना आढळले की वेदना शमवणारी अफूसारखी द्रव्ये मेंदू स्वतःच तयार करतो. मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉइन झाले. त्याचाच ओबडधोबड प्रकार म्हणजे गर्द, ब्राऊन शुगर. हे द्रव्य वेदनेबरोबर श्वासही मंद करते. मात्रा जास्त झाली की माणूस झोपेतच श्वास घ्यावयाचा विसरतो. मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत, हे सर्वश्रुत आहे. त्या आया काय निर्दय होत्या? बाळाला सांभाळावयास कोणी नव्हते आणि भोंगा झाला की जावेच लागे. व्यसनाची गोष्ट सांगताना ही दुसरी बाजू विसरता कामा नये.

आता तर झाडाचीही गरज उरलेली नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ज्याला मुंबईची पोरे 'म्याऊ म्याऊ' म्हणतात, ते कारखान्यात तयार होते. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. २०२४ च्या फेब्रुवारीत दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे पोलिसांनी ते शेकडो किलो पकडले. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरील पाटसपासून हे गाव फार लांब नाही. शहरातले खूळ शहरात, असे म्हणून आता चालणार नाही. हे द्रव्य मेंदूतला उल्हासाचा साठा एकदम उधळून लावते, दोन-तीन तासांत उतरते आणि मागे अशी उदासी ठेवून जाते की माणूस लगेच पुन्हा घेतो; हृदयावर ताण पडतो, झोप उडते, कित्येकांना भ्रम होतात.

दारूचे तर काय सांगावे! ती मेंदूला गुंगवते, यकृताला कुजवते. आणि गावठीत मिथेनॉल मिसळलेले असेल तर देहात त्याचे असे आम्ल होते की डोळे कायमचे जातात व प्राणही जातो. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. सगळी हातावर पोट असलेली.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. हीच द्रव्ये वैद्याच्या हाती औषध असतात. कर्करोगाच्या शेवटच्या वेदनेत मॉर्फिन नाकारणे हा अधर्मच होय. गांजाच्याच झाडातील एका वेगळ्या द्रव्याने लहान मुलांच्या काही दुर्धर फेफऱ्यांना उतार पडतो. विस्तव चुलीत असतो तोवर अन्न शिजते. वळचणीला गेला की घर जळते.

आता सुखाची तलफ कशी होते? १९५४ साली कॅनडात ओल्ड्स व मिल्नर या शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि कळ दाबताच त्या जागी विजेचा हलका स्पर्श होईल अशी योजना केली. उंदीर कळ दाबीतच राहिला. तासाला शेकडो वेळा. पुढील प्रयोगांत तर समोरचे अन्न सोडून उंदीर कळ दाबीत राहिले. सर्व अमली पदार्थ शेवटी याच वाटेवर येतात. पण मेंदू मूर्ख नाही. बाहेरून एवढा लोंढा येतो असे दिसले की तो कुलुपेच कमी करतो. मग कालचा कैफ आजच्या मात्रेत मिळत नाही, मात्रा वाढते. त्याच वेळी देहाची स्वतःची किल्ली निकामी वाटू लागते: मुलाचे हसणे, भाकरीचा वास, पहिला पाऊस, यांत त्याला काहीच गोडी उरत नाही. शेवटी मोठा चमत्कार होतो. त्याला ते आवडेनासे होते, पण हवे मात्र अधिकच असते. प्रथम सुखासाठी घेतो तो पुढे केवळ दुःख टळावे म्हणून घेऊ लागतो. हाच तो फास.

यात आशेची एक गोष्ट आहे तीही सांगतो. रोज गांजा ओढणाऱ्याने तो सुमारे महिनाभर पूर्ण बंद ठेवला तर कमी झालेली कुलुपे पुष्कळशी पूर्ववत होतात, असे दिसून आले आहे. घर पुन्हा लागते लावावयास.

आता मूळ शंकेकडे वळू. पोराचा पूर्वपक्ष असा: भजनातही मेंदूत हीच द्रव्ये हलत असतील, तर भेद काय? आम्ही हे नाकारणार नाही. बराच वेळ मध्यम वेगाने धावल्यावर रक्तात आनंदामाइड वाढते असे मोजून पाहिले आहे. अनेकांनी मिळून गाइले-नाचले की वेदना सोसण्याची शक्ती वाढते, हेही तपासून पाहिले आहे. अडीचशे किलोमीटरांची वाट, टाळमृदंग, हजारो कंठ. तेव्हा पायातला काटा न कळणे यात देहाचा हात आहे, असे कोणी म्हटले तर आम्हाला राग का यावा? वीणा तारेवरच वाजते. तार आहे म्हणून सूर खोटा ठरत नाही. नाम घ्यावयास जीभ लागते, वारीस पाय लागतात, तसा आनंदास मेंदू लागतो. तेव्हा "आमचा आनंद आत्म्याचा आणि तुमचा देहाचा" एवढे म्हणून सुटता येत नाही. भेद आनंद येताना पाहू नये. आनंद गेल्यावर मागे काय राहिले ते पाहावे. आम्हाला तीन कसोट्या सुचल्या.

पहिली कसोटी, उद्याची. कैफ उद्यासाठी कर्ज ठेवून जातो. उद्या तितकेच सुख मिळवावयास अधिक द्रव्य लागते. ज्याने चाळीस वर्षे हरिपाठ म्हटला त्याला चाळीसपट टाळ वाजवावा लागत नाही. उलट पहाटे नुसती लांबून काकडा ऐकला तरी त्याचे पोट भरते.

दुसरी कसोटी, शेजाऱ्याची. आनंदातून उठल्यावर शेजारचा माणूस अधिक दिसू लागतो की कमी? भजन संपल्यावर म्हातारीच्या पायाचा फोड दिसला, तिला पाणी दिले, तर तो आनंद. चिलीम संपल्यावर मुलाच्या शाळेचे पैसे आठवेनासे झाले, तर तो कैफ.

तिसरी कसोटी, सोडण्याची. जे घेतो ते बाजूला ठेवण्याची सत्ता आपल्याकडे राहिली आहे काय? की आपण घेत नसून तेच आपल्याला घेत आहे?

पण वाचकहो, कसोटी ही दुधारी असते. सोनाराचा दगड गिऱ्हाइकाचे सोने जसे पाहतो तसे सोनाराचेही पाहतो. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, औषधाला पैसा नाही, आणि हा मात्र "माझी वारी चुकत नाही" म्हणून दिंडीत नाचतो, असे कोणी असेल तर त्याचे नाचणे दुसऱ्या कसोटीला उतरते काय? आम्हाला वाटते, उतरत नाही. भजनाचाही कैफ होऊ शकतो. पोराच्या प्रश्नाने आमच्या पदरात हे टाकले, आणि हे त्याचे आम्ही ऋणच मानतो.

याच्याही पुढचा प्रश्न अधिक जड आहे. व्यसनी माणूस पापी की रोगी? यावर लिहिण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती कोठे लिहिली नव्हती.

आमच्या दिंडीत एक पखवाजी होता. हात असा की ठेका धरला म्हणजे दमलेले पाय आपोआप उठावेत. त्याला दारू लागली. प्रथम लपून, मग न लपता. एका वर्षी लोणंदला तो भजनात प्याला असताना उभा राहिला. आम्ही चौघा-पाच जणांनी त्याला बाजूस घेतले आणि त्याच्या गळ्यातली माळ उतरवून घेतली. माळ उतरविणाऱ्या हातांत एक हात आमचा होता. तो काही बोलला नाही. गावी परत गेला. भावांनी मानले की आता याला सरळ करावयाचेच. खोलीत कोंडून ठेवले, थेंब दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर साप दिसतात म्हणून ओरडू लागला, अंग तापले, थरथर सुटली. घरच्यांना वाटले, सोंग करतो, नाहीतर बाहेरचे काही झाले. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

पुष्कळ वर्षे आम्ही म्हणत होतो, दारूने गेला. आता डॉक्टरांनी सांगितल्यावर कळले की तो दारू एकाएकी तोडल्याने गेला. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, म्हणून मेंदूही रोज उलट जोर लावून उभा राहतो. दाब एकदम काढला की तो जोर मोकळा सुटतो. त्याचेच झटके, त्याचेच भ्रम. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध देऊन सोडवावी लागते. दवाखान्यात नेला असता तर बहुतकरून तो वाचला असता. भावांनी वाईट हेतूने काही केले नाही. आम्हीही नाही. तरी एक माणूस गेला. चांगला हेतू आणि अज्ञान यांची गाठ पडली म्हणजे काय होते ते आम्ही पाहिले आहे.

मग पापी की रोगी? आमचे मत असे झाले आहे की पहिला घोट त्याचा. त्याचा जाब त्याने द्यावा. पण शंभरावा घोट घेईपर्यंत ज्या बुद्धीने "नको" म्हणावयाचे तीच बुद्धी पोखरलेली असते. पाय मोडलेल्याला "उठ, चाल" म्हणणे हा उपदेश नव्हे. तो उठेल तेव्हा स्वतःच्याच पायाने उठेल, हे खरे. दुसऱ्याच्या पायाने वारी होत नाही. पण तोवर खांदा द्यावयाचा की नाही, हा त्याच्या पापाचा प्रश्न नाही, आपल्या धर्माचा आहे. दिंडीत ज्याच्या पायाला फोड आला त्याला आपण "पाय तुझा, फोड तुझा" म्हणत नाही. त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतो. पखवाज्याची माळ काढावयाची नव्हती असे आम्ही म्हणत नाही. नियम तो नियम. पण माळ काढून घेतल्यावर त्याचा हात धरावयाचा होता. तो आम्ही सोडला.

आता शेवटी तंबाखूविषयी, कारण तिच्यावाचून हा लेख म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणे होईल. आमच्या संप्रदायात मद्य-मांस वर्ज्य म्हणून आपण ताठ मानेने सांगतो, आणि कंबरेची चंची कोणी पाहिली तर हसून सोडून देतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळली. त्यांतली बहुतेक ओढणारी नसून खाणारी आणि मिश्री लावणारी. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण तंबाखू मळणारा हात कोणत्या कायद्याला दिसतो? चुना का लावतात, ठाऊक आहे काय? आम्हाला वाटे चवीसाठी. चुन्याने निकोटीन मोकळे होऊन तोंडाच्या त्वचेतून झटकन रक्तात जाते. आणि तोच चुना त्वचेला सोलूनही ठेवतो. आमच्या आजोबांच्या हातांनी हे रसायन शिकविले, नाव मात्र ठाऊक नव्हते!

डॉक्टरांनी आमचे तोंड उघडावयास लावले आणि गालाच्या आत एक पांढरा चट्टा दाखविला. म्हणाले, "हा अजून कर्करोग नाही. होऊ द्यावयाचा की नाही ते ठरवा." सदतीस वर्षांची तंबाखू आम्ही त्या दिवशी सोडली. पहिले तीन दिवस फार कठीण गेले; घरच्यांवर उगाच खेकसलो, जपात मन लागेना, बोटे आपोआप तळहातावर फिरत. तेव्हा प्रथमच कळले की जपातली आमची एकाग्रता म्हणून जी होती तिच्यात चिमटीचाही वाटा होता. तिसरी कसोटी आम्हीच नापास झालो होतो. तीन-चार आठवड्यांनी तलफ ओसरली. मध्ये एकदा घसरलो, एका लग्नात. पुन्हा सुरुवात केली. घसरला म्हणून संपला असे व्यसनात नसते, हे डॉक्टरांनी बजावले होते म्हणून बरे.

फडकऱ्यांना व दिंडीच्या चालकांना आमची विनंती एवढीच. दिंडीत कोणी रोजचा पिणारा असेल तर त्याला कोंडू नका, एकाएकी तोडू नका. सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभागात घेऊन जा. अशा कामासाठी पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, त्यात पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा हातभार होता. तसे प्रयत्न आता इतरत्रही आहेत. कोणी बेशुद्ध पडून श्वास मंदावला तर "झोपू द्या, उतरेल" म्हणू नका; कुशीवर वळवून तत्काळ दवाखान्यात न्या. आणि तरुणाने प्रश्न विचारला तर गंगा-गटार करू नका.

कार्तिकीला आळंदीत इंद्रायणीच्या घाटावर तो पोरगा पुन्हा भेटला. आम्ही त्याला तिन्ही कसोट्या सांगितल्या, आणि चंची सुटल्याचेही सांगितले. कसोट्या त्याने मान खाली घालून ऐकल्या. चंचीचे ऐकून मात्र वर पाहिले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बुवा, खोलीवरची मुले म्हणून मी सांगितले होते ना, त्यांत एक मी होतो. तुमच्या त्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर याल?"

दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे सोडून आम्ही दोघे एसटीत बसलो.